मजला आला!

मित्रांनो, माझ्या पोटात एक माणूस बोलतो. तो शिंकतो, हसतो, मधेच चहा मागतो. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझं एक बटण तुटलंय, तिथे काडेपेटीची काडी खोचलेली असते. तरी माझ्याइतका श्रीमंत या घरात कुणी नाही, असं मला आपलं वाटतं.

दुकानातल्या काचेआड मी गाण्यांची स्वप्नं पाहत होतो. पण मला विकत घेतलं एका टायपिस्ट मुलीने आणि नेऊन ठेवलं आपल्या बाबांसमोर. बाबा एका उंच कचेरीतले लिफ्टमन, नुकतेच निवृत्त झालेले. लोक त्यांना मजलेमामा म्हणत. जन्मभर त्यांनी लिफ्टमध्ये आपल्याच आयुष्यातल्या गोष्टी सांगितल्या, त्याही तुकड्यातुकड्यांनी. ऐकणारा तळमजल्यावर चढायचा आणि गोष्ट रंगात आली की उतरायचा. मग मामा म्हणायचे, "मजला आला! उरलेली उतरताना." ही सवय हाडीमाशी खिळलेली. घरी खुर्चीत बसूनही ते थोडं बोलायचे, "मजला आला" म्हणायचे आणि गप्प व्हायचे. त्या गप्पपणात माझी फीत हळूहळू फिरत राहायची. पडदा हलायचा, खालच्या रस्त्यावरून सायकलची घंटा ऐकू यायची. मी तेही साठवून घ्यायचो. किती सुखाच्या दुपारी होत्या त्या!

मामांची एकच इच्छा होती, आपली गोष्ट छापलेली बघायची. "लिफ्टमध्ये सांगितलेलं वाऱ्यावर जातं गं," ते लेकीला म्हणायचे. "कागदावरचं राहतं."

लेकीने मनावर घेतलं. मला थांबवत, मागे फिरवत तिने एक गोष्ट टाइप केली. मधलं थांबणं काढलं, "मजला आला" काढलं, वाक्यं इस्त्री केल्यासारखी सरळ केली. एका मासिकाने ती छापलीसुद्धा, वर मामांचं नाव! लेकीने हौसेने मोठ्याने वाचून दाखवली. मामा मान डोलावत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "छान आहे हो. कुणाची गं?"

"अहो बाबा, तुमचीच!"

"असं?" त्यांनी आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि मासिक हळूच मिटून ठेवलं. "असेल मग."

त्यानंतर ते माझ्यासमोर बसेनासे झाले. माझ्यावर धूळ साचली. कुणीतरी लोकरीचे गुंडेही आणून ठेवले. धुळीचं मला काही वाटलं नाही. पण मामांचा खरा आवाज माझ्याजवळ होता आणि मला कुणी विचारत नव्हतं, याचं फार वाईट वाटायचं.

मग एका सुट्टीच्या दिवशी धूळ पुसता पुसता लेकीचा हात काडीवर दाबला गेला. मी बोलू लागलो. "...आणि मी दार उघडलं, तर समोर तुझी आई! मजला आला." पुढे नुसती शांतता, तीत सायकलची घंटा. लेक फडकं घेऊन तशीच खाली बसली.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "मी बाबांनाच गाळलं की!"

तिने सगळ्या गोष्टी नव्याने टाइप केल्या. मामा जिथे थांबले तिथे कोरी जागा सोडली. "मजला आला" जागच्या जागी ठेवलं. पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा घरी आलेल्या प्रकाशनवाल्या बाईंनी विचारलं, "हे सारखं सारखं कशाला? काढू या का?"

"काढलंत तर लिफ्ट चालेल, पण लिफ्टमन नसेल," लेक म्हणाली. बाई हसल्या आणि त्यांनी ते राहू दिलं.

पुस्तक आलं. मामा खिडकीशी बसून ओळीखाली बोट धरून वाचू लागले. कोरी जागा आली की बाहेर बघत राहायचे, मग पुन्हा वाचायचे. लेक दारात उभी होती. शेवटी तिने विचारलंच, "बाबा, कुणाची आहे?"

मामा उठून उभे राहिले. हात पुढे करून त्यांनी हवेतच लिफ्टचं जाळीचं दार सरकवलं.

"आत ये, पोरी," ते म्हणाले. "वर जाऊ या."

मित्रांनो, आता फीत फिरवणारा माझा पट्टा सैल झालाय. मामांचा आवाज माझ्यातून जरा जाडा येतो. माझ्यासारखं कुणी तुमच्या माळ्यावर असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा लावून बघा. आणि तुमच्या घरात कुणी गोष्ट सांगत असेल, तर ती लिहून ठेवा. फक्त फार सरळ करू नका. ते जिथे थांबतात, तिथे तुम्हीही थोडं थांबा.