दांडीच्या किनाऱ्यावर उतरलेला पाहुणा

जमना मेहेर पालघरजवळच्या दांडी गावची, कोळ्यांच्या घरातली. पालघरच्या एका शाळेत शिकवायची. पंच्याऐंशी साली एका स्थानिक साप्ताहिकाच्या संपादकांनी तिला परग्रहावरच्या जीवाचा एक इंग्रजी चित्रपट व्हिडिओवर दाखवला आणि दिवाळी अंकासाठी चार पानांत त्याची मराठी गोष्ट करून मागितली. चित्रपटात तो जखमी जीव समुद्रात पडतो, बेटावरचे कोळी त्याला दगड मारतात आणि एक म्हातारी शास्त्रज्ञ बाई त्याला वाचवते.

जमनाने गोष्ट दांडीला आणली आणि दगड काढून टाकले. कुणी बुडताना दिसलं तर जाळं सोडून आधी त्याला उचलायचं, हे तिने वडिलांच्या होडीवर पाहिलं होतं. तिच्या गोष्टीतले खलाशी त्या जीवालाही तसंच उचलतात. हा बदल तिने संपादकांना आधीच सांगितला होता. त्यांनी मान डोलावली होती.

अंक आला, तेव्हा मासळी सुकत घातलेल्या किनाऱ्यावर सगळे ऐकायला बसले. वाचता वाचता जमना थांबली. छापलं होतं, ‘अडाणी कोळ्यांनी भुताच्या भीतीने दगडांचा मारा केला.’ गोष्टीखाली नाव तिचंच होतं. वडिलांबरोबर होडीवर जाणाऱ्या महादूकाकांनी पुढे वाच म्हटलं, म्हणून तिने ते वाक्यही वाचून दाखवलं.

मग शेजारची आनंदी म्हणाली, “मी त्याला घरात नसता घेतला. पन आमी दगड कवा मारलं, जमने?”

सकाळी जमना संपादकांसमोर उभी राहिली. रूपांतर मूळ चित्रपटाशी प्रामाणिक हवं, असं त्यांनी शांतपणे समजावलं.

“मग ती म्हातारी शास्त्रज्ञ बाई कुठे गेली?” जमनाने विचारलं. “छापताना तिच्या जागी हा देखणा तरुण कुठून आणलात?”

वाचकांना नायक लागतो, ते म्हणाले.

“म्हणजे प्रामाणिकपणा फक्त आम्हाला अडाणी ठरवण्यापुरता.”

खुलासा छापायचं त्यांनी कबूल केलं. साप्ताहिकाच्या पुढच्या अंकात तो आलाही, कोपऱ्यात: मुद्रणदोषामुळे कथेत किंचित फरक पडला, क्षमस्व. जमनाच्या अंगाचा तिळपापड झाला. एक अख्खं गाव बदनाम केलं, आणि दोष छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याचा!

तोच दिवाळी अंक शाळेच्या वाचनालयात आला, तेव्हा तिने तो मांडू दिला नाही. एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करू नका, असं मुख्याध्यापकांनी सुचवलं.

“दांडीची पोरं माझ्या वर्गात बसतात, सर,” ती म्हणाली, आणि अंक शिपायाबरोबर संपादकांकडे परत पाठवला.