एकोणपन्नास पॉइंट सहा

धाकट्याला कसंबसं थोपटून झोपवलं होतं, घरात सगळं शांत होतं, आणि कुलपात किल्ली फिरली.

दुपारचे दोन. या वेळी नवरा कुठल्यातरी इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरलेला असतो, नाहीतर गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत. तो आत आला, बाळ उठू नये म्हणून बूट हातात काढून घेतले. खांदा रिकामा होता. अकरा वर्षांत हत्यारांच्या पिशवीशिवाय त्याला मी दारात पाहिलं नव्हतं.

"हत्यारं कंपनीची," तो म्हणाला. "ठेवून घेतली."

मग त्याने पाणी प्यायलं आणि घडी केलेला कागद माझ्यासमोर ठेवला.

त्याची कंपनी चार महिन्यांपूर्वी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. नव्या लोकांनी सगळ्यांकडून नव्याने फॉर्म भरून घेतले, अगदी ज्यांचे केस तिथेच पांढरे झाले त्यांच्याकडूनही. शेवटच्या तारखेला हा एकोणीस मजल्यांच्या इमारतीत लिफ्टचे दोर बदलत होता. तिथून फोन केला, की तेवढं तू भरून टाक, सगळे कागद कपाटात आहेत. धाकटा अंगावर पीत होता. एका हातात तो, दुसऱ्या हातात फोन. पदवीची टक्केवारी विचारली होती. मी एकोणपन्नास पॉइंट सहा लिहिलं. लाल अक्षरं उमटली, फक्त पूर्ण संख्या लिहा. शाळेत शिकवतात, अर्ध्याच्या वर असेल तर पुढचा आकडा धरायचा. मी पन्नास लिहिलं. अंगठ्याने, दोन सेकंदांत. त्याला सांगितलंसुद्धा नाही, सांगण्यासारखं काही झालंय असं वाटलंच नव्हतं.

आता कागदपत्रं तपासणाऱ्यांनी विद्यापीठाला विचारलं होतं. समोरच्या कागदावर होतं, की कर्मचाऱ्याने प्रत्यक्षापेक्षा जास्त गुण असल्याची खोटी माहिती दिली, सबब आजपासून सेवा समाप्त.

माझा नवरा आणि खोटं. लग्न ठरवायला आला तेव्हा स्वतःहून सांगत होता, मी पन्नास टक्क्यांचा माणूस आहे, त्यातही थोडा कमीच, नीट विचार करा. लिफ्टमध्ये पाय ठेवला की हा बोलायचं थांबतो आणि कान देतो. आमच्या इमारतीत एकदा नुसता भिंतीला तळवा लावून म्हणाला होता, ब्रेक झिजलाय, उद्यापर्यंत कुणाला चढू देऊ नका. उघडून पाहिलं तर तसंच निघालं.

"फॉर्म मी भरला होता," मी म्हटलं. "सांगितलंस ना त्यांना?"

"मीच भरला म्हणालो."

"का पण?"

"खाली नाव माझंच आहे. आणि बायकोने भरला म्हटलं असतं, तर वर आणखी हसले असते."

संध्याकाळी पैलवान आला. हा त्याचा जोडीदार, सात वर्षं दोघं एकाच दोराला लटकलेले. शेवटच्या वर्षाला दोनदा आपटला आणि फॉर्मात सरळ 'नापास' लिहून मोकळा झाला. त्याला ठेवलं होतं. खुर्चीच्या कडेवर टेकून, चूक आपलीच असल्यासारखा तो खाली बघत बोलत होता. पन्नासच्या आतल्यांची वेगळी यादी झाली होती म्हणे. पाच वर्षांच्या वर अनुभव असेल तर मार्क न बघता ठेवायचं, असं वरून आलं होतं. यादीतले सगळे राहिले.

"वहिनी, या गृहस्थाने एकोणपन्नास लिहिलं असतं ना, तरी राहिला असता. पन्नासची हौस नडली."

फॉर्म कुणी भरला हे त्याला ठाऊक नव्हतं. नवऱ्याने सांगितलं नाही. नुसता हसला आणि म्हणाला, चहा गार होतोय.

पैलवान गेल्यावर त्याने कप धुतले. एक कप दोनदा धुतला. पाठमोराच म्हणाला, "मला गणितात छत्तीस. म्हणून तर तुझ्याकडे दिला होता." मला हसवायला म्हणाला होता. मला हसता आलं नाही, आणि मग त्यालाही.

दुसऱ्या दिवशी थोरलीला शाळेत सोडून, धाकट्याला कडेवर घेऊन मी त्याच्या ऑफिसात गेले. माणसं नेमायचं काम बघणारी मुलगी माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. तिने पाणी दिलं, बाळाला खेळायला रिकामी डबी दिली, मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. वाईट नव्हती. तेच जड गेलं.

"ताई, मला पटतंय," ती म्हणाली. "पण चूक कशी झाली ते लिहायला इथे जागाच नाही. हो किंवा नाही, एवढंच आहे."

दुसऱ्या कंपनीने विचारलं तर काय सांगाल, असं मी विचारलं. तिने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. नावापुढे लिहिलं होतं, खोटी माहिती.

उतरताना त्यांची लिफ्ट जमिनीपासून बोटभर खाली थांबली. हे का होतं ते आता मलाही कळतं. दारावरच्या रखवालदाराला सांगितलं, ब्रेक बघायला सांगा. त्याने कडेवरच्या बाळाकडे बघितलं आणि विचारलं, तुम्ही त्यातलं काही शिकलाय का बाई?

दुपारी नवरा एका छोट्या कंत्राटदाराला भेटायला गेला. कागदांची फाइल पलंगावर तशीच पसरलेली. थोरली शाळेतून आली ती दप्तरासकट त्या कागदांत जाऊन बसली. पहिलीत आहे, नुकतीच शंभरपर्यंत वाचायला लागली आहे, दिसेल तो आकडा वाचते. बाबाची गुणपत्रिका वाचली. एकोणपन्नास. पुढचा ठिपका आणि सहा तिला अजून येत नाहीत. मग खालची ओढली.

"ही कोणाची?"

"माझी."

"ऐंशी... त्र्याऐंशी." तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मधल्या चादरीवर शाळेत शिकवलेली, मोठ्या आकड्याकडे तोंड वासलेली खूण बोटाने काढली. तोंड माझ्या कागदाकडे होतं.

"बाबाला कमी पडले म्हणून काढलं ना?"

"नाही गं. कमी पडले म्हणून नाही."

धाकटा रडायला लागला. मी त्याला उचलून पदराखाली घेतलं. ती माझा कागद दोन्ही हातांनी, चुरगळू नये असा धरून, माझ्याकडे बघत होती.

"आई, मग तुझे कधी वापरायचे?"