कुंकवाचा तारा

अमरावतीच्या कॉलेजात ललित सर दरसाल खंडेनवमीला सूक्ष्मदर्शकाची पूजा करत, त्याचं ज्योत्स्नाला काही नव्हतं. पण यंदा त्यांची भक्ती उतू गेली. त्यांनी आतल्या काचेच्या प्लेटलाही कुंकू लावलं आणि मग रुमालानं खसाखसा पुसून काढलं.

ती प्लेट साधी नव्हती. परदेशातल्या यंत्रातून प्रचंड वेगाची केंद्रकं तिच्या जाड लेपात घुसवलेली होती. एखादं केंद्रक लेपातल्या केंद्रकावर आदळलं की नवे कण चहूकडे उधळतात आणि आपापली बारीक काळी रेघ मागे ठेवतात. अशा रेघांच्या झुबक्याला तारा म्हणायचं. हे तारे शोधून रेघा मोजायच्या, हीच ज्योत्स्नाची पीएचडी.

दिवाळीनंतर त्याच प्लेटवर सरांना एक तारा सापडला. एका टकरीतून एवढे कण म्हणे कोणी पाहिलेच नव्हते! पेपरात फोटो आला, अकोल्याला सत्कार ठरला. ज्योत्स्नानं भिंगाला डोळा लावून फोकसचं चाक फिरवलं आणि तिला शिसारीच आली. खरी रेघ लेपात खोल उतरते, चाक फिरवावं तशी पुढे पुढे दिसत जाते. हा तारा मात्र वरच्या वर होता. चाक जरासं फिरवलं की सगळाच गायब.

"सर, हे कुंकू हाय. पुसताना ओरखडे पडले, त्यातच बसलं. खालून उजेड येते म्हणून काळं दिसते."

"मले काय दिसत नाही का वं?" सर खर्रा चघळत हसले. "चाक कोण फिरवून पाह्यते? चिकटपट्टी लावून टाक त्याले, फिरूच नये. तुह्या प्रबंधावर सही अकोल्याहून आल्यावर करतो."

सर चुकले असते तर तिनं पोटात घातलं असतं. पण या माणसाला सगळं ठाऊक होतं! त्याहून जास्त किळस तिला स्वतःची आली, कारण पट्टी तिनंच लावली.

अकोल्यात शाल झाली, श्रीफळ झालं. पाहुणे होते सरांचे म्हातारे गुरुजी, भगवंतराव. मंचावर आणून ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकात त्यांनी पाहिलं आणि सरांच्या पाठीवर थाप मारली.

"ललित, लेका, आमच्या जन्मात असं पाह्यलं नाही रे."

सर लगेच त्यांच्या पाया पडले. "सर, एक और," फोटोवाला म्हणाला, तसे वाकूनच राहिले.

ज्योत्स्ना पुढे झाली. खड्ड्यात गेली ती सही. तिनं नखानं चाकावरची पट्टी ओरबाडून काढली आणि गुरुजींचा हात धरून चाकावर ठेवला.

"आता फिरवून पाहा, गुरुजी."

भगवंतरावांनी चाक एकीकडे फिरवलं, मग दुसरीकडे, पुन्हा एकदा. मग भिंगावरचा डोळा न काढताच त्यांनी सरांच्या हाताखालून आपला पाय मागे घेतला.