दवण्याला चिकटवलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना, वाळलेला दवणा आहे. काचेच्या चौकटीत माझं अंग कागदाला चिकटून बसलंय. हिरवा रंग गेला, वासही गेल्यातच जमा.

माझा जन्म कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका वाफ्यातला. कॉलेजात शिकणाऱ्या अनिताला जुन्या चिनी औषधी ग्रंथांतली झाडं ओळखायचा प्रकल्प करायचा होता. एका ग्रंथात तापावरचं झाड होतं. बारीक कातरलेल्या पानांचं, उग्र वासाचं. तिला मीच आठवलो. ती शेजारच्या सारजाकाकूंकडे, माझ्या वाफ्यापाशी आली. काकूंनी आधी माझे शेंडे फुलांसकट खुडून देव्हाऱ्यासाठी ठेवले.

"पयलं देवाचं. ऱ्हायलं ते तुझं."

अनिताने मला वर्तमानपत्रात दाबून वाळवलं, खाली त्या तापावरच्या झाडाचं चिनी नाव चिकटवलं. प्रदर्शनात बक्षीस मिळालं. लग्नानंतर तिच्याबरोबर मी भवानीनगरला आलो आणि कपाटाशेजारी टांगला गेलो. तीच भिंत, तीच काच, आणि मला सोडवता न येणारं ते नाव.

परवा अनिताची तान्ही राजनंदिनी तापाने फणफणली. सासूबाई फुलाबाईंनी मला खाली काढून मागचा पुठ्ठा उचकटला.

"तापाची दवा भिंतीवर हाय, आन् बारामतीला कशाला पळायचं? चार पानं उकळ."

मी ते झाड नसेन तर? ओरडावंसं वाटलं. पण वाळलेल्या पानाला कुठला आवाज?

अनिताने मोबाईलवर ग्रंथातलं चित्र काढलं. त्यात फुलांचे झुपके होते. माझी मात्र नुसती खुडलेली टोकं.

"आत्या, फुलं बघितल्याशिवाय हे झाड ओळखू येत नाही. मी पानांवर नि वासावरच ठरवलं होतं."

"मग बक्षीस कसं दिलं तुला?"

"कुणी विचारलंच नाही."

फुलाबाईंनी हातातली पानं कागदावर ठेवली. "मग हितं उभी काय ऱ्हायलीस? नवऱ्याला हाक मार, गाडी काढ म्हणावं."

दवाखान्यात औषधाने ताप उतरला. घरी येऊन अनिताने ते चिनी नाव खरवडून काढलं आणि मागचा पुठ्ठा पुन्हा बसवला. मी अजून कोंडलेलाच आहे. वाफ्यावरचं वारं आता मला लागायचं नाही.

मित्रांनो, झाडाला नाव द्यायची घाई करू नका. पान बघा, फूल बघा, फळ बघा. नाही दिसलं, तर 'ठाऊक नाही' असं लिहा. तुम्ही लिहिलेल्या नावावर भरवसा ठेवून कुणीतरी काढ्याची वाटी भरतं, आणि ती कुणाच्या तरी लेकराच्या ओठांना लागते.