न सोलता येणारं केळं

मी एक केळं बोलतोय. व्याकरणाने पाहिलं तर केळं नपुंसकलिंगी, म्हणजे मी 'मी आलं' असं म्हणायला हवं. पण तसं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हे केळं नसून आलं आहे. म्हणून मी आपला 'आलो, गेलो' असंच बोलतो. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मागाहून कुरकुर नको. मी प्लॅस्टिकचा आहे.

माझा जन्म झाडावर नाही, साच्यात झाला. गरम चिकट रस ओतला, गार झाला, साचा उघडला आणि आत मी! बाकीची खोटी फळं पोकळ असतात. मी मात्र भरीव, दाबलं तर जरासा दबणारा. पुढे लांबलचक टेबलाशी बसलेल्या एका बाईने मला पिवळा रंग दिला, देठाला हिरवट छटा दिली. तपकिरी ठिपके देताना तिला अशी सणसणीत शिंक आली की ब्रश माझ्या अंगभर नाचला. मुकादमाने मला उचलून बघितलं आणि म्हणाला, "अरे वा, हे तर अगदी पिकलेलं वाटतंय!"

माझ्याच खोक्यात एक सफरचंद होतं. लालबुंद, तुकतुकीत आणि शिष्ट. डॉक्टर म्हटलं की लोकांना सफरचंदच आठवतं, असं त्याचं म्हणणं. आम्हा दोघांना एका आहारतज्ज्ञ बाईंनी विकत घेतलं आणि आपल्या दवाखान्यातल्या टेबलावर एका ताटलीत ठेवलं. सगळे त्यांना मॅडम म्हणत.

आमचं काम सोपं होतं. मॅडम एका हातात मला आणि दुसऱ्या हातात सफरचंदाला धरत आणि समोरच्याला समजावत, "हे बघा, सफरचंदात पाणी जास्त, उष्मांक कमी. केळ्यात उष्मांक जवळजवळ पावणेदोन पट. चोथा दोघांत साधारण सारखाच, पण सफरचंद सालीसकट खाल्लं तर. पोटॅशियम मात्र केळ्यात तिपटीहून जास्त. वजन उतरवायचं असेल तर हे, अंगात ताकद हवी असेल तर ते."

'ते' म्हणताना त्या मला उंच करत, आणि मी सफरचंदाकडे तिरक्या नजरेने बघून घेई. खरं तर आम्हा दोघांत मिळून उष्मांक शून्य. पण एवढा बारकावा कोण बघतो!

त्या टेबलावरून मी माणसं बघितली. डॉक्टरांशी माणूस निदान घाबरून तरी खरं बोलतो. आहारतज्ज्ञाशी मात्र तो हसतमुखाने खोटं बोलतो. "मी तर काहीच खात नाही हो मॅडम," असं म्हणणाऱ्याच्या मिशीत साखर मी स्वतः पाहिली आहे.

एक दिवस घड्याळकाका आणि काकू आले. काकांनी उभी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात घालवली होती. डोळे त्या बारीक चाकांपायी अधू झाले होते, पण बोटं अजून लोण्यातून केस काढावा तशी चालत. त्यांची मूत्रपिंडं दमली होती, आणि रक्तात पोटॅशियम वाढलं होतं.

"जास्तीचं पोटॅशियम तुमची मूत्रपिंडं बाहेर टाकू शकत नाहीत काका," मॅडम म्हणाल्या. "ते रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं."

"म्हणजे घड्याळ थोडं मागंपुढं होणार," काका हसत म्हणाले.

"नाही. बंद पडू शकतं."

काकूंनी पदर घट्ट धरला. काकांचं हसू मावळलं.

"आजपासून केळं अजिबात बंद," असं म्हणत मॅडमनी मला ताटलीतून उचललं आणि लांब सरकवलं. "फळ खावंसं वाटलं तर सफरचंदाच्या दोन फोडी." सफरचंद तेव्हा जे फुगलं, ते मी जन्मात विसरणार नाही.

पुढच्या तपासणीत आकडा खाली यायला हवा होता. तो वर गेला होता.

"केळं खाता का काका?"

"छे! शिवतसुद्धा नाही," काका म्हणाले. मी समोरच होतो, पण माझ्याकडे त्यांनी मान वळवली नाही.

"खरंच नाही खात हो," काकू काकुळतीने म्हणाल्या. "घरात आणतच नाही. माझंच काहीतरी चुकतंय. बटाटे चिरून पाण्यात उकळते, ते पाणी टाकून देते. टोमॅटो बंद केला. नारळपाणी बंद केलं. आता आणखी काय टाकू?"

मॅडमनी कागदावरचा आकडा पुन्हा तपासला. "पुढच्या वेळीही असंच आलं तर काकांना डॉक्टर इस्पितळात ठेवून घेतील," त्या म्हणाल्या आणि मग काकूंकडे नीट बघून उद्गारल्या, "तुम्ही केवढ्या वाळलात! चला, तुमचं वजन बघू."

दोघी आतल्या खोलीत गेल्या. काका, मी आणि सफरचंद एवढेच उरलो.

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता. तो खाली ठेवला. दाराकडे बघितलं. मग त्या तरबेज बोटांनी मला असं उचललं की शेजारच्या सफरचंदालाही पत्ता लागला नाही. क्षणात मी त्यांच्या पिशवीत, फाइलींच्या मधे! खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. दोन फळं समोर असताना माणसाने चोरलं कोणाला? मला!

घरी पोचताच काका म्हणाले, "मी जरा आंघोळ करून घेतो," आणि मला बनियनखाली दडवून न्हाणीघरात शिरले. कडी लावली, चष्मा काढून खिडकीत ठेवला, नळ सोडला. मला दोन्ही हातांत धरून त्यांनी एक खोल श्वास घेतला, आणि देठ ओढला.

देठ हलला नाही. पुन्हा ओढला. नख लावून पाहिलं. मी काय करणार? साल असती तर मीच काढून दिली असती, इतकी मला दया आली.

"चिवटच आहे," काका पुटपुटले, आणि सालीसकट कचकन चावा घेतला.

पुढचं सगळं एकदम झालं. वरची कवळी माझ्यात रुतली. त्यांनी मान मागे ओढली, मी कवळीसकट तोंडाबाहेर आलो, बादली कलंडली, तांब्या घरंगळत गेला.

"अहो! काय झालं? पडलात का?" काकू दार ठोठावू लागल्या.

"काई नाई!"

"असं काय बोलताय? तोंड वाकडं झालं की काय? अहो, आधी दार उघडा!" काकूंचा आवाज रडवेला झाला. त्यांना वाटलं, मॅडम म्हणाल्या तेच आलं. काकांनाही तो आवाज ऐकवेना. त्यांनी कडी काढली.

दारात काकू, घामाघूम. समोर ओलेचिंब, बोळक्या तोंडाचे काका. आणि त्यांच्या हातात मी, अंगात कवळी घेऊन जणू हसत असलेला.

काकूंनी आधी त्यांच्या छातीवर हात ठेवून बघितला. मग मला घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. काकाही ओशाळं हसायला लागले. तिथेच त्यांचं चुकलं. काकूंचं हसू थांबलं.

"किती दिवस चाललंय?"

काकांनी कवळी माझ्यातून उपटली, धुतली, बसवली. "रोज. संध्याकाळी फिरायला जातो ना, तेव्हा. कोपऱ्यावरची फळवाली काढून ठेवते."

"आणि मी इथं बटाट्यांचं पाणी फेकतेय! रात्र रात्र जागून विचार करतेय की मी ह्यांना काय वाईट खायला घातलं!"

"अगं, एकच खातो गं..."

"मला काय केळं आवडत नाही?" काकू म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "तुम्हाला बंद झालं त्या दिवसापासून मी तोंडात घातलं नाही. म्हटलं, तुम्हाला मिळत नाही ते माझ्या घशाखाली कसं उतरेल?"

काका उपड्या बादलीवर बसले. नळ तसाच वाहत होता. काकूंनीच शेवटी नळ बंद केला आणि त्यांच्या डोक्यावर टॉवेल टाकला.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः मला आणि काकूंना घेऊन मॅडमकडे गेले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, स्वयंपाक बरोबर होता. मी खोटा होतो."

मॅडमनी माझ्यावरचे दातांचे ठसे बघितले आणि ओठ दाबून हसू आवरलं. मग काकूंना म्हणाल्या, "काकांचं कारण सापडलं. आता तुमचं. अशक्तपणा आलाय, वजन घटलंय, पोटॅशियमचा तुम्हाला काही त्रास नाही. तुम्ही रोज एक केळं खायचं."

"ह्यांच्यासमोर?"

"समोरच. लपूनछपून खाणं ह्या घरात पुरे झालं."

असला चावलेला नमुना टेबलावर काय ठेवायचा, म्हणून मॅडमनी मला काकांनाच देऊन टाकलं. सफरचंदाच्या शेजारी आता एक नवं केळं आहे म्हणे, पोकळ. मी फ्रिजवर असतो. काकांचा आकडा पुढच्या तपासणीत खाली आला, त्यानंतर आणखी खाली. इस्पितळात राहायची वेळ आली नाही.

रोज सकाळी दोघं समोरासमोर बसतात. काका सफरचंदाच्या इतक्या पातळ फोडी करतात की दोनाच्या आठ भासाव्यात. मग काकूंसाठी केळं सोलून देतात, स्वतःच्या हाताने, शिरा काढून. काकू खातात. काका बघत नाही असं दाखवत बघतात.

"कसं आहे गं?" ते विचारतात.

"कच्चट आहे हो," काकू तोंड वाकडं करून म्हणतात. "औषध म्हणून गिळतेय झालं."

"मग बरंच आहे मला मिळत नाही ते," असं म्हणून काका समाधानाने फोड चावतात.

मी वरून बघत असतो. केळं छान पिकलेलं असतं, वास माझ्यासारख्या प्लॅस्टिकलासुद्धा कळतो. आणि शेवटचा घास तोंडात घोळवताना काकू डोळे मिटतात. एवढंच मागणं आहे तुमच्याकडे. कधी काका भेटले, तर हे त्यांना सांगू नका.