अक्षता पडायच्या आधी

या, असे जवळ सरकून बसा. कीर्तनाला अजून अवकाश आहे, तोवर माझ्या घरातलीच एक गोष्ट सांगतो.

पडेगावला माझा थोरला भाऊ रामकिसन राहतो. त्याची बायको सरूबाई, म्हणजे माझी वैनी. त्यांना एकच पोरगं, बद्रीनाथ. त्याला लहानपणापासून विमानाचं वेड. चिकलठाण्याला विमान उतरताना बघायला हे पोरगं सायकलवर अख्खं शहर ओलांडून जायचं. पुढं वैमानिक व्हायला कॅनडाला गेलं. तिथं त्याला रेचल भेटली. तो उडायला शिकायचा त्याच शाळेत ती विमानं दुरुस्त करायची. हातात पाना धरणारी सून मिळाली, असं रामकिसन ज्याला त्याला हसून सांगायचा.

दोघांनी तिथल्या कचेरीत सह्या करून लग्न केलं. बायको तिथली, म्हणून बद्रीला कायमचं राहू द्यावं असा अर्ज केला. शिक्षण संपलेलं, राहायची मुदत सरत आलेली. विमान उडवायला शिकवायची नोकरी तयार होती, पण ती या अर्जावर अडलेली. त्यानं आम्हाला बजावलं होतं, कोणी चौकशी केली तर जे आहे ते सांगा, लपवायसारखं काय नाय.

आता आपली रीत तुम्हाला ठाऊक. नुसत्या सह्यांना आपल्याकडं लग्न कोण म्हणतं? हळद नाय, देवक नाय, अक्षता नाय. वैनीनं भावकीत सांगून टाकलं होतं की सोयरीक जमली, तुळशीचं लग्न लागलं की बार उडवायचा. कार्यालयसुद्धा धरलं होतं. दोघं एका घरात राहतात हे तिला माहीत होतं, पण ते ती ओठावर येऊ द्यायची नाय. शेजारच्या भागूबाईनं एकदा खोचून विचारलं, तर पोरगी तिच्या आईबापाकडं असती, असं सांगून मोकळी झाली.

भादव्यात एका दुपारी फोन आला. मी तिथंच होतो. वैनी शेंगा फोडत होती, समोर भागूबाई बसलेली. फोनवर कॅनडा सरकारच्या कचेरीतली हिंदी बोलणारी बाई होती, लई गोड आवाजाची. बद्रीच्या अर्जाची चौकशी करायची आहे म्हणाली. वैनीनं माझ्याकडं बघितलं. आदल्याच आठवड्यात आम्ही सत्यावरचं निरूपण ऐकलं होतं, ते माझ्या डोक्यात ताजं.

"खरं तेच सांगा, वैनी," मी म्हणालो.

लग्न झालं का, असं बाईनं विचारलं.

"अभी नहीं हुआ. तुलसी के बाद है. आप भी आना," वैनी म्हणाली.

मग बाईनं विचारलं, दोघं राहतात कुठं. वैनीनं भागूबाईकडं बघितलं, पदर सावरला.

"अलग अलग रहते. मेरा बच्चा वैसा नहीं है, बाई."

फोन ठेवल्यावर वैनी खुशीत होती. पोराची अब्रू राखली म्हणाली. मीही मान डोलावली.

पाच आठवड्यांनी बद्रीला पत्र आलं. लग्न खरं वाटत नाही, अर्ज नामंजूर. त्यानं घरी फोन केला. चिडला असता तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "आई, तू काय सांगितलं त्यांना?" वैनीनं शब्दन् शब्द सांगितला.  मागून रेचल त्याला काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होती, ते आम्हाला ऐकू येत होतं.

मी उस्मानपुऱ्यातल्या वकिलाकडं धावलो. आमची रीत काय, हे लिहून देतो म्हणालो. वकील म्हणाला, काका, आता काय लिहून दिलं तरी ते म्हणणार, घरच्यांना पढवलंय.

बद्री परत आला. ठरल्या तिथीला रेचल आली, हळदीत माखली, अक्षता पडल्या. वैनी रडत होती, लोकांना वाटलं आनंदानं. बारा दिवसांनी रेचल नोकरीवर परत गेली. नवा अर्ज करून दीड वर्ष होत आलं. वैनीचं बोलणं फायलीत लिहिलेलं आहे, ते काय पुसता येत नाय. बद्री वाळूजला एका कंपनीत जातो. उडायचा सराव तुटला की परवान्याचा नुसता कागद उरतो, असं एकदा म्हणाला, पुन्हा तो विषय काढला नाय.

तो रोज आईला सांगतो, तुझं काय चुकलं नाय. ती विचारते, "मग कोणाचं रे?" तो ताटाकडं बघत जेवत राहतो. मी शेजारी असलो तर मीही बघत नाय कोणाकडं. आता दार वाजलं तरी ती आत जाऊन बसती, कोणी काय विचारलं तर रामकिसनकडं बोट दाखवती. घरात बोलणारी तीच एक होती.

आज देवापुढं हात जोडाल, तेव्हा स्वतःचं मागून झालं की तिलाही आठवा. सरूबाई, पडेगावची. एवढंच नाव पुरे.