नळ बंद करणारी ओळ

सकाळी चहा देताना बायकोने कप काकांच्या समोर न ठेवता उजव्या हाताला, टेबलाच्या कडेशी ठेवला. तिथे त्यांना तो दिसायचा. समोर ठेवला असता तर कपाच्या जागी नुसतं धुकं असतं.

"अहो, आज तरी सांगून टाका," ती म्हणाली.

"सांगतो म्हटलं ना."

"ते तुम्ही मलाच सांगत असता. ऑफिसात सांगायचंय."

काका हसले आणि कपाची कड चाचपू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोघांना बसवून समजावलं होतं: कडेचं दिसत राहील, मधलं विरत जाईल. रस्त्याने चालता येईल, दारं सापडतील, माणसं चालीवरून ओळखू येतील. वाचणं मात्र जाईल. आणि काकांचं पोट, मन आणि मान, तिन्ही वाचण्यावर उभी होती. लोकांनी पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम वाचायचे आणि चूक कुठे दडून बसली आहे ते सांगायचं, हेच त्यांचं काम. ते गेलं तर सकाळी उठून कुठल्या दिशेला तोंड करायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

ऑफिस म्हणजे जिना चढून गेल्यावरची एक लांबट खोली. खाली सायकली दुरुस्त करणारा, त्यामुळे दिवसभर खिडकीतून घंट्यांची किणकिण वर यायची. टोकाला काचेच्या दारामागे मालकीण बसे. इथे एक शिस्त होती. कुणाचंही काम दुसऱ्याने पाहिल्याशिवाय बाहेर जायचं नाही, आणि पाहणाऱ्याने आपले हात मांडीवर ठेवायचे. दुसऱ्याच्या कीबोर्डला बोट लावायचं नाही. ही शिस्त काकांनीच घातलेली. ते शेजारी खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, "वाच बघू मोठ्याने." निम्म्या वेळा वाचता वाचता वाचणाऱ्यालाच आपली चूक सापडे आणि काका न बोलता उठून जात.

म्हणूनच कुणाला संशय आला नव्हता. मधलं दिसेनासं झालं, तरी काका बसत तसेच बसत होते, हात मांडीवर, मान किंचित वळवून. फक्त आता ते सगळं ऐकत होते.

त्या दिवशी ते जिना चढून आले, तेव्हा सूनबाई फोनवर होती. सूनबाई हे ऑफिसने ठेवलेलं नाव. मुलं शाळेत जायला लागल्यावर ती पुन्हा नोकरीला लागली होती, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांचे कप विसळून ठेवले म्हणून हे नाव तिला चिकटलं. तिने रोपवाटिकेसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. प्रत्येक वाफ्याचा नळ आपोआप उघडायचा, ठरलेला वेळ पाणी द्यायचं, नळ बंद करायचा. काल संध्याकाळी काकांनी तो पाहिला होता आणि काम बाहेर गेलं होतं.

तिने फोन मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडे रोपवाटिकेचे माळीबुवा होते.

"बाई, तुमच्या संगणकाला रोपं वाढवायची आहेत की बेडूक पाळायचेत? पाणी थांबतच नाही. कोवळे कोंब आडवे झालेत माझे. शेवटी मोठा नळ मी हाताने बंद केला. रोज हातानेच करायचं तर तुम्ही कशाला हवेत?"

आवाज ऐकून मालकीण बाहेर आली. "हे कोणी पाहिलं होतं?"

"मी," काका म्हणाले.

"काकांनी पाहिलंय ना, मग चूक आपली नाही. नळच बिघडले असतील. त्यांना म्हणावं, नळ काढून तपासा. मी कळवते तसं." आणि ती आत गेली.

तिने रागावून विचारलं असतं तर बरं, असं काकांना वाटलं. हा विश्वास छातीवर येऊन बसला. आता माळीबुवा चांगले नळ उखडत बसणार.

"वाच बघू," ते म्हणाले. "पुन्हा. सावकाश."

सूनबाईने वाचलं. ती वाचायची छान, शब्दाला शब्द लावून. "प्रत्येक वाफ्यासाठी. नळ उघड. ठरलेला वेळ थांब. नळ बंद कर."

काकांनी डोळे मिटून ऐकलं. ओळीमागून ओळ, जिथे हवी तिथेच. खोट नव्हती.

समोरच्या टेबलावरचा शंकासूर मान वर करून म्हणाला, "वेळ सेकंदात आहे की मिनिटात?" त्याचा घड्याळावरसुद्धा विश्वास नव्हता, म्हणून हे नाव.

"सेकंदात. तसाच हवा."

"वाफ्यांचे क्रमांक शून्यापासून धरलेत का?"

"धरलेत रे बाबा."

"मग नळ खरंच बिघडले असतील," शंकासूर म्हणाला, आणि स्वतःच मान हलवून पुढे म्हणाला, "पण सगळे एकाच दिवशी कसे बिघडतील?"

तेवढ्यात माळीबुवांचा पुन्हा फोन. आवाज आता निवला होता. "बाई, हिंडून बघितलं. सगळे वाफे तुडुंब. भिंतीकडचा शेवटचा तेवढा शहाण्यासारखा ओला आहे. तुम्हाला उपयोग होईल म्हणून सांगितलं."

काकांना एका क्षणात उमगलं. शेवटचा तेवढाच बंद झाला, म्हणजे बंद करण्याची आज्ञा प्रत्येकाला मिळालीच नाही. सगळे नळ एकेक करून उघडले, आणि सगळं आटोपल्यावर, एकदाच, जो हाताशी होता तो बंद झाला.

"नळ बंद करणारी ओळ कुठे उभी आहे?" त्यांनी विचारलं.

"थांबण्याच्या खाली. वाचली की आत्ता."

"खाली आहे. पण आत आहे का?"

पायथनला कुंपण नसतं. कुठल्या ओळी 'प्रत्येक वाफ्यासाठी'च्या पदराखाली आहेत, हे डावीकडे सोडलेल्या मोकळ्या जागेवरून ठरतं. ओळ थोडी आत सरकून उभी राहिली तर ती घरातली. कडेला टेकली तर ती दाराबाहेर.

सूनबाई पडद्याकडे वाकली. "अगंबाई. अगदी कडेला आहे." तिने कपाळाला हात लावला. "मी आधी ज्या भाषेत काम करायचे ना, तिथे कंस असायचे. मोकळी जागा नुसती शोभेची. अजून माझी नजर तिच्यावरून घसरते. कळतं, पण दिसत नाही."

मग ती थांबली. तिने हळूच काकांकडे पाहिलं. "काका, काल तुम्ही माझ्या खांद्याला खांदा लावून बसला होतात."

"बसलो होतो."

"तुमच्या नजरेतून ही सुटायची नाही."

काकांचे हात मांडीवरच होते. खाली कुणीतरी घंटी वाजवून पाहत होतं, एकदा, पुन्हा एकदा. "मला मधलं दिसत नाही," ते म्हणाले. "तू वाचलंस, मी ऐकलं. मोकळ्या जागेला आवाज नसतो गं."

शंकासूरने पहिल्यांदाच कशावर शंका घेतली नाही.

सूनबाईने ओळ आत घेतली. मग दबक्या आवाजात म्हणाली, "मी मालकीणबाईंना सांगते, चूक माझी. माझीच तर आहे. तुमचं नाव मध्ये कशाला?"

वाट सोपी होती. मालकीण ऐकेल, सूनबाईला दोन शब्द सुनावेल, आणि उद्या काका पुन्हा खुर्ची ओढून बसतील. उद्या कोंबांच्या जागी दुसरं काही असेल, आणि ते पाणीच असेल असं नाही. काका उठले आणि भिंतीला हात लावत काचेच्या दाराशी गेले.

मालकीण फोन हातात घेऊन बसली होती. "माळीबुवांनाच लावतेय," ती म्हणाली.

"लावा. पण त्यांना सांगा, नळ ठीक आहेत. ओळ चुकीच्या जागी होती. सूनबाईकडून चुकली, आणि मी ती पाहिली नाही. मला दिसत नाही. पाहिलं म्हणून सांगितलं, पण ऐकलं होतं."

मालकिणीने फोन खाली ठेवला. "कधीपासून?"

"झाले काही महिने."

"आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तुम्ही मनाच्या चांगल्या आहात, म्हणून. घरी पाठवलं नसतंत. खुर्ची ठेवली असती आणि काम काढून घेतलं असतं. मग मी तिथे बसून काय, कप विसळू?"

"तसंच केलं असतं बहुतेक," मालकीण म्हणाली. "आताही तेच मनात येतंय. आपल्या भरवशावर लोक पाणी सोडतात, काका."

"म्हणूनच आलो."

"कानाला सापडतं ते तुम्ही सोडत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. पण जे ऐकूच येत नाही, त्याचं काय करायचं? ते मला आज दाखवा. नाही जमलं, तर मग आपण बोलू." ती पुन्हा फोनकडे वळली. "आधी मला माळीबुवांची माफी मागू दे."

दुपारी तिघं एका टेबलाशी बसले. शंकासूर म्हणाला, पडदा वाचून दाखवणारी आज्ञावली मिळते, ओळ किती आत आहे तेही ती बोलते. "बसवून देतो मी. फक्त तिचा आवाज भांडायला आल्यासारखा आहे."

"बायकोला चालेल," काका म्हणाले. "तिला सोबत होईल. पण तोवर?"

"तोवर मी आहे," सूनबाई म्हणाली. ती खुर्ची सावरून बसली आणि प्रत्येक ओळीची जागा सांगत वाचू लागली. आधी अडखळली, मग तिला लय सापडली, पायरी उतरताना पाऊल चाचपावं तशी. मालकीण दारात येऊन उभी होती. तिच्या चालीवरून काकांना ते कळलं.

"प्रत्येक वाफ्यासाठी. आत, नळ उघड. आत, ठरलेला वेळ थांब. आत, नळ बंद कर. कडेला, ही नवी ओळ, माळीबुवांना पाणी झाल्याचा निरोप पाठव."

"थांब," काका म्हणाले. "निरोप कडेला का? आत घे. प्रत्येक वाफ्याचं पाणी झालं की कळायला हवं."

सूनबाईने त्या ओळीवर बोट ठेवलं. "नाही काका. तो बाहेरच हवा. आत घेतला तर वाफ्यागणिक फोन वाजेल. ते आधीच आपल्याला बेडूकवाले समजतात."

काकांनी विचार केला. ओळी मनात पुन्हा एकदा ओळीने उभ्या केल्या, आतल्या आत, बाहेरची बाहेर. आता त्या त्यांना दिसत होत्या.

"बरोबर," ते म्हणाले. "राहू दे बाहेर."

"पाठवा," मालकीण दारातून म्हणाली. "आणि काका, शंकासूरचंही एक केव्हाचं अडलंय. त्यालाही वाचायला लावा."

"मला असं वाचता येईल का, शंका आहे," शंकासूर म्हणाला, आणि त्याने आपली खुर्ची सरकवून काकांना जागा करून दिली.